पलीकडच्या काठाची माणसं

राजे एकमेकांशी लढायचे आणि गावं जळायची, त्या काळातली ही गोष्ट. एका मोठ्या नदीच्या काठी एक लहानसं गाव होतं. त्या गावात साळू नावाची एक बाई नाव चालवायची.

एका सकाळी पलीकडच्या काठावर माणसांची गर्दी झाली. त्यांच्यामागे धूर दिसत होता. साळूने काही न विचारता नाव पाण्यात घातली आणि दुपार टळेपर्यंत खेपा करून सगळ्यांना अलीकडे आणलं.

ती माणसं गावाच्या गायरानात राहिली. आधी गावाने भाकरी दिली, जुनी लुगडी दिली. पण उन्हाळा आला, विहिरीचं पाणी खाली गेलं आणि भांडणं होऊ लागली. कुणी म्हणे, ही माणसं चोर आहेत. कुणी म्हणे, रोगराई घेऊन आलीत.

पाटलांनी साळूला बोलावलं. "साळू, आपल्यालाच पुरेना झालंय. तू आणलंस, आता तूच त्यांना परत पलीकडे सोड."

साळू गायरानात गेली. तिथे हैबती नावाचा एक म्हातारा नदीकडे तोंड करून बसला होता. पलीकडे त्याचा विड्याच्या पानांचा मळा होता.

"बाबा, परत जायचंय का?" साळूने विचारलं.

हैबतीचे डोळे चमकले. "मनाने रोज जातोच की, बाई! या वेळेला मळ्यात पाणी सोडलं, की ओल्या पानांचा असा वास सुटायचा... इथलं पाणी गोड आहे, पण तो वास नाही." मग त्याने नदीवरून नजर काढली. "तिथे आता शिपायांचा तळ आहे. दिसलो की मारतील."

साळू पाटलांकडे परतली. "पाटील, मरणाच्या दारात मी कुणाला सोडणार नाही. पण तुमचंही खोटं नाही, एका गावाला हे झेपायचं नाही. नदीकाठी काय आपलंच गाव आहे? मला थोडे दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी ती हैबतीला नावेतून शेजारगावच्या बाजाराला घेऊन गेली.

"मी काय बोलू?" हैबती म्हणाला.

"तुमच्यावर काय गुदरलं ते लोकांना कळू दे. विचारतील तेवढंच सांगा."

लोक जमले, पण लांबच उभे राहिले. शेवटी बांगड्या विकणाऱ्या एका बाईने विचारलं, "निघताना बरोबर काय घेतलंत हो?"

"काहीच नाही. चुलीवर दूध होतं. सून म्हणाली, उतरवून येते. मी म्हटलं, राहू दे, पळ. ती अजून मधेच म्हणते, मामंजी, दूध उतू गेलं असेल."

बांगडीवाली उठली आणि त्याच्याजवळ येऊन बसली.

हैबतीचं बोलणं एका बाजारातून दुसऱ्या बाजारात गेलं. त्या बोलण्यामागोमाग साळू नाव घेऊन गावोगाव फिरली. एका गावाने धान्य द्यायचं कबूल केलं. एकाने पडीक जमीन कसायला दिली. एका गावचा वैद्य येऊन जाऊ लागला. हे पाहून पाटलांनीही गायरानात नवी विहीर खणायला घेतली. गावकरी आणि पलीकडची माणसं मिळून खाली उतरली. पाणी लागलं, तेव्हा कुणी कुणाला मिठी मारली याचा कुणालाच पत्ता नव्हता.

वर्षं गेली. लढाई काही थांबली नाही. हैबतीच्या नातवंडांना पलीकडचं गाव फक्त ऐकून माहीत होतं. त्याला मात्र स्वप्नात तिथलीच वाट दिसायची.

एके दिवशी पलीकडून पुन्हा हाका ऐकू आल्या. या वेळी साळूच्या आधी पाटीलच नावेकडे धावले. पहिली खेप काठाला लागली, तेव्हा हैबती गुडघाभर पाण्यात उभा होता. कडेवर मूल घेतलेल्या एका बाईला त्याने हात दिला.

"आजोबा, हे कुणाचं गाव?" तिने भेदरून विचारलं.

हैबतीने एकवार पलीकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले.

"आपलं," तो म्हणाला. "ये पोरी, सांभाळून उतर."

तात्पर्य : कुणाचं सुटलेलं घर आपल्याला परत देता येत नाही, पण त्याचं दुःख चार गावांनी ऐकलं आणि ओझं वाटून घेतलं, तर त्याला पाय टेकायला जागा मिळते.