झुपकीची जीभ गार होईना

अंगणात एक बाज. बाजेवर सरूकाकूचं वाळवण. इकडे डाळीचे सांडगे, तिकडे भरलेल्या मिरच्या. राखणीला स्वतः काकू.

काकूनं जांभई दिली. तेवढ्यात खारीचं पिल्लू आलं. तुरुतुरु तुरुतुरु. त्याचं नाव झुपकी.

झुपकीनं सांडगा उचलला. कुरुम. सांडगा कुठला, ती तर मिरची.

झुपकीचे डोळे मोठ्ठे झाले. शेपूट ताठ झाली. जिभेची आग आग झाली. हा हू हा हू. ती पाणी प्याली. आग आणखीच वाढली.

आई म्हणायची, तिखट लागलं की दूध प्यावं. झुपकी गाईकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"गाई गाई, दूध दे. जीभ गार होईना. हा हू हा हू."

गाईचे डोळे मोठ्ठे झाले. "एवढुशी तू आणि अख्खी मिरची? पण माझं पोट रिकामं. गवत येऊ दे, मग दूध."

झुपकी गवताकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"गवता गवता, गाईकडे चल. गाय दूध देईना, जीभ गार होईना. हा हू हा हू."

गवत दचकलं. "एवढुशी तू आणि अख्खी मिरची? पण मी सुकलंय गं. पाणी पाज, मग येईन."

झुपकी हापशाकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"हापशा हापशा, पाणी दे. गवत येईना, गाय दूध देईना, जीभ गार होईना. हा हू हा हू."

हापसा कुरकुरला. "एवढुशी तू आणि अख्खी मिरची? पण माझा दांडा कोण दाबणार? काकूला आण."

झुपकी थांबली. मिरची तर काकूचीच. पण जीभ जळत होती. गेली बिचारी. तुरु... तुरु...

"काकू काकू, हापशावर चल. हापसा पाणी देईना, गवत येईना, गाय दूध देईना, जीभ गार होईना. हा हू हा हू."

काकूचे डोळे सगळ्यांत मोठ्ठे झाले. "म्हणजे चोरटी तूच होय गं? मी उठले तर कावळा येईल. राखण कोण करणार?"

"मी," झुपकी म्हणाली.

"चोरानं राखण करायची?" काकूनं जीभ पाहिली. लालभडक. "बस बाई. शिवू नकोस हं."

झुपकी बसली. मिरच्यांपासून चार पावलं लांब.

कावळा आला. फडफड फडफड. झुपकीनं तोंड उघडलं. लाल लाल जीभ. हा हू हा हू.

कावळा टरकला. असं भूत त्यानं कधी पाहिलं नव्हतं. भुर्रकन पळाला.

मग काकूनं दांडा दाबला, खटक खटक. हापशानं पाणी दिलं, भळभळ. गवत हिरवं झालं, सळसळ. गाईपुढे वाकलं. गाईनं खाल्लं, करकर. गाईनं दूध दिलं, चुर्र चुर्र.

करवंटीभर दूध झुपकी प्याली. लप लप लप. हा हू... हा... आणि गप्प.

काकूनं पुढ्यात दोन सांडगे ठेवले. "घे, राखणीचा वाटा."

झुपकीनं आधी एका सांडग्याचा वास घेतला. मग उलटा करून पाहिला. मग हळूच जीभ लावली.

कुरुम.

जीभ झाली गार, गोष्ट झाली पार.