मार्क कुणाच्या नावावर

विस्तार अधिकारी मयेकरांनी इंग्रजी व्याकरणाचं गाईड लिहिलं होतं, त्यामुळे ते वर्ग तपासायला आले की त्यातलंच विचारायचे. वर्ग नापास ठरला तर खोतबाईंची बदली नक्की.

साहेबांनी पार्टिसिपल फ्रेजचं वाक्य मागितलं, एकाच रूपातल्या, म्हणजे शेवटी 'आयएनजी' लावलेल्या, तीन क्रिया असलेलं. प्रमिला तांडेलनं आपलं आपण जुळवून इंग्रजीत सांगितलं: गाणं म्हणत, जाळं शिवत, वारा पडायची वाट बघत बाबा होडीत बसले.

"हे माझ्या गाईडात नाही," म्हणत साहेबांनी दहापैकी शून्य मांडलं.

बाई नम्रपणे म्हणाल्या, "उद्यापासून पोरं तुमचीच वाक्यं म्हणतील, साहेब. फक्त त्याचे मार्क पोरांच्या नावावर घालायचे की तुमच्या, तेवढं शेऱ्यात लिहून द्या."

साहेबांनी शून्याआधी एक काढला.