मान खाली, भरपाई निम्मी

"निम्मं शेत! उरलेल्या निम्म्याला तुझा बापच जबाबदार!" दिवाण मल्हारपंतांनी निकाल सुनावला आणि सारजाचं डोकंच सणकलं.

सारजा ही तुळाजी बुरुडाची थोरली लेक. आठवड्यापूर्वी रणधवल महाराजांचा रथ बाजाराच्या वळणावर तुळाजीच्या अंगावरून गेला, आणि तो जागीच गेला. राज्याचा कायदा तसा चांगला होता. राजरथाखाली कुणी मेलं, तर त्याच्या घराला कायमचं एक शेत. पण चांगल्या कायद्यात फट शोधायला एक दिवाण लागतो, आणि तो दरबारात होताच.

"रथ काय गुपचूप येतो? दिसतो, ऐकू येतो!" दिवाण म्हणाले. "तरी तुझा बाप बाजूला झाला नाही. बेपर्वा माणूस! निम्मी चूक त्याची, म्हणून निम्मं शेत कमी."

"बेपर्वा?" सारजाचा आवाज चढला. "अर्ध्या शेतावर माझी धाकटी भावंडं अर्धपोटी राहतील, पण माझ्या बापाला बेपर्वा म्हणू नका! हुकूम तर सरकारचाच आहे ना? भालदार ललकारला की आहे तिथंच गुडघे टेकायचे, कपाळ मातीला लावायचं. रथ जाईपर्यंत मान वर केली तर फटके! बाबांनी तेच केलं."

"कशावरून?" महाराज गरजले. एकदा दिलेला निकाल बदलणं त्यांना अपमानासारखं वाटे. "डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार आण! उद्या दुपारपर्यंत आणला नाहीस, तर निम्मं शेतही विसर!"

दरबार गालातल्या गालात हसला. साक्षीदार आणायचा कुठून? ज्यानं पाहिलं त्यानं मान वर केली, आणि मान वर केली की फटके. या राज्यात अपघात करण्यापेक्षा तो बघणं महागात पडायचं.

दुसऱ्या दिवशी सारजा आली ती अख्खा बाजार घेऊन. दिवाणांनी कासारणीला पुढं बोलावलं. "काय पाहिलंस?"

"माती, सरकार."

"आणि तू रे?"

"एक मुंगळा," तेली म्हणाला. "नाकासमोरून गेला. रथ ऐकला, पण पाहिला नाही. देवाशपथ!"

एकेक जण येत गेला. कुणी खडे पाहिले होते, कुणी शेण. दिवाणांनी टाळीच वाजवली. "वा! पाहिलेला साक्षीदार मागितला, तर तू न पाहिलेले आणलेस!"

"हे साक्षीदार नव्हेतच," सारजा म्हणाली. "यांना आणलं ते एवढंच दाखवायला, की जमिनीवर होते त्या सगळ्यांच्या माना खाली होत्या. डोळे उघडे ठेवायची मुभा होती फक्त रथावरच्यांना. एक सारथी हैबती. आणि दुसरे माझे साक्षीदार सिंहासनावर बसलेत. विचारा त्यांना!"

दिवाणांच्या तोंडचं पाणी पळालं. महाराज हट्टी होते, पण खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. आजवर कुणी त्यांना काही विचारलंच नव्हतं.

"पाहिलं तर... आम्हीही नाही," ते पुटपुटले. "आम्ही विड्याकडं पाहत होतो. सुपारी बारीक कातर, असं हैबतीला सांगत होतो."

"आणि लगाम?"

"तो हैबतीनं गुडघ्यात धरला होता."

"म्हणजे बाबा हुकमापायी बघत नव्हते, आणि ज्यांनी बघायचं ते सुपारी बघत होते!" सारजा दिवाणांकडं वळली. "आता करा वाटणी, दिवाणजी! निम्मी चूक सुपारी कातरणाऱ्याची, निम्मी कातरायला लावणाऱ्याची. माझ्या बापाच्या वाट्याला किती उरली?"

सगळा दरबार महाराजांच्या तोंडाकडं बघू लागला. आणि महाराज एकदम मोठ्यानं हसले! "आमच्याच दरबारात आम्हालाच साक्षीला उभं केलंस, पोरी! दिवाणजी, पुरं शेत द्या. वर एक बैलजोडी, तुमच्या गोठ्यातली!"

सगळा दरबार हसला. दिवाण हसले नाहीत, सारजाही हसली नाही. तिचा बाप गेला होता.

"आणि तो शब्द, महाराज?" ती म्हणाली.

महाराजांचं हसू ओसरलं. त्यांनी निकालाचा कागद ओढला, तुळाजीच्या नावापुढचं 'बेपर्वा' खोडलं, आणि जरा थांबून ते स्वतःच्या नावापुढं लिहिलं.