उरलेली लंगडी मेंढी

फार फार वर्षांपूर्वी, मेंढ्या माणसांहून पुष्कळ होत्या आणि माणसं मेंढ्यांहून थोडीच शहाणी होती, तेव्हा एका डोंगरावर दोन वाड्या होत्या. दोन्हींचा मिळून कळप एकच. मेंढ्या दहा हजार सात. खोटं वाटत असेल तर जाऊन मोजा, मी थांबतो.

हा आकडा वाड्यांच्या मूळपुरुषाने ठरवला होता. दरवर्षी गणती व्हायची. जास्तीच्या मेंढ्या शेजारगावांना द्यायच्या, कमी पडल्या तर आणायच्या. त्याने नियमही घालून दिला होता, "वाटणी खुशाल करा. पण समसमान करा. एकही मेंढी उरली, तर कळप एकत्रच राहील."

वाड्यांचं पटत नसे. वरचीला माळावर जायचं असे, खालचीला नदीकाठी. म्हणून दर गणतीला लोक खडे मांडून वाटणीला बसत. दोन वाड्यांत वाटलं, एक उरे. सात कुळांत वाटलं, चार उरत. तेवीस घरांत वाटलं, दोन उरत. कशानेही भागा, काहीतरी उरेच. मग सगळे एकमेकांना शिव्या देत जेवायला बसत आणि एकाच कळपामागे निघत.

एका वर्षी पाटलाचा नवा जावई गणतीला आला.

"मामंजी, एवढ्याशा गोष्टीला इतक्या पिढ्या? एक मेंढी कमी करा की!"

हे कुणाला सुचलंच नव्हतं. कळपात एक लंगडी मेंढी होती. तिला जपणाऱ्या म्हातारीला पाटील म्हणाला, "आत्याबाई, ही तुम्ही घरी न्या."

"नेते की. पण पाटला, हिच्यामुळे काय काय अडलंय, ते बघितलंस का?"

"वाटणी अडलीय, दुसरं काय!" जावई हसला. लोकही हसले.

पाच हजार तीन वर गेल्या, पाच हजार तीन खाली. कळप राखणाऱ्या चाळीस कुत्र्यांचेही वीस-वीस झाले.

रानात म्हातारा लांडगा आपल्या पोरांना म्हणाला, "हा भागाकार आपण पिढ्यान्‌पिढ्या करत होतो रे. आपल्याला काही जमला नाही. जावईबापूंचं भलं होवो."

चाळीस कुत्र्यांपुढे लांडगे कधी आले नव्हते. विसांपुढे आले. आज माळावर, उद्या नदीकाठी.

हिवाळा सरला, तेव्हा दोन्ही वाड्या खाली मान घालून एकाच कुंपणाशी आल्या. गणती झाली. चार हजार भरल्या.

"चार हजार छान भागतात हो," जावई पुटपुटला. "दोनाने, चाराने, पाचाने..."

पाटलाने त्याच्या पुढ्यातले खडे उचलून लांब भिरकावले.

तेवढ्यात म्हातारी आली. मागून लंगडत लंगडत तिची मेंढी. म्हातारीने फाटक उघडलं आणि तिला आत ढकललं.

"चार हजार एक," ती म्हणाली. "आता बसा भागत."

तोच आकडा पुढे ठरला. लोक अजून बसतात म्हणे भागायला. दरवेळी काहीतरी उरतं, आणि चाळीसच्या चाळीस कुत्रे एकाच कळपाभोवती फिरतात.

बोध: उरतं म्हणून जे टाकून द्यावंसं वाटतं, त्यानेच पुष्कळदा सगळ्यांना धरून ठेवलेलं असतं.