विनायक, पाणी हवं का?

"पण बाई, मग एरर का नाही आला?"

विनयने पुन्हा तेच विचारलं. कालिंदीबाई पडवीत मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

प्रोग्रॅम लिहायला त्याला शिकवलं ते या बाईंनीच. फुशारकी मात्र त्याची स्वतःची कमाई. गावातल्या दवाखान्यासाठी त्याने पेशंट भरती करायचा फॉर्म केला, तेव्हा तो बाईंच्या नजरेखालून घालावा असंही त्याला वाटलं नव्हतं. "माझा फॉर्म कुठे अडतच नाही," असं चारचौघांत सांगत फिरायचा.

आज सकाळी तो फॉर्म सुरू झाला. आणि दुपारी हे महाशय बाईंच्या पायरीवर उभे, तोंडचं पाणी पळालेलं.

"काय चुकलं ते सांग आधी."

"एक अक्षर, बाई. पडद्यावर एक रकाना आहे... कुठल्या औषधाचा त्रास होतो का, असा. त्याला आतून नाव दिलं 'त्रास'. इंग्रजी अक्षरांत, एक ए घालून. आणि कंट्रोलर त्याला हाक मारतो दोन ए घालून."

कंट्रोलर म्हणजे पडद्यामागचा प्रोग्रॅम. तो एकेका रकान्याला नावाने हाक मारतो, त्यात लिहिलेलं घेतो आणि पेशंटच्या नोंदीत नेऊन ठेवतो. हाक चुकली की रकाना गप्प.

"मग नोंदीत काय गेलं?"

"'नाही' गेलं. काहीच आलं नाही तर 'नाही' धरायचं, असं मीच लिहून ठेवलं होतं... फॉर्म अडू नये म्हणून."

"आणि लोकांनी सांगितलेलं?"

"ते कुठेच राहिलं नाही."

"कितीजणांचं?"

"सकाळपासून भरती झालेल्या सगळ्यांचं."

मेथीची काडी बाईंच्या हातात तशीच राहिली.

"मी ते अक्षर दुरुस्त केलंय," तो घाईघाईने म्हणाला. "आता पुढचं सगळं नीट येईल. कुणाला कळायच्या आत... म्हणजे... एरर का आला नाही, तेवढं फक्त सांगा."

त्याला भीती दोन गोष्टींची होती. कुणाला तरी नको ते औषध टोचलं जाईल याची, आणि हे आपण केलं असं गावाला कळेल याची. सांगायला लाज वाटते, पण तो दवाखान्यात न जाता इथे आला तो दुसऱ्या भीतीपायी.

बाई उठल्या. माठातून तांब्याभर पाणी घेऊन बाहेर आल्या आणि अंगणाकडे बघत म्हणाल्या,

"विनायक, पाणी हवं का?"

विनयने मागे वळून पाहिलं. फाटकाशी कुणी नव्हतं.

...

बाई जरा थांबल्या. मग पायरी उतरून त्यांनी अख्खा तांब्या तोंडल्याच्या वेलाच्या मुळाशी रिकामा केला.

"बाई! मला हवं होतं पाणी. घशाला कोरड पडलीय माझ्या."

"विचारलं की मी."

"विनायकला विचारलंत तुम्ही!"

"उत्तर आलं नाही. मी 'नाही' धरलं."

...

पाणी मातीत जिरत होतं. विनय बघत राहिला. मग त्याने दवाखान्यात फोन लावला.

"सिस्टर, विनय बोलतोय. इंजेक्शनं थांबवा."

"कुणाची?"

"सकाळपासून आलेल्या सगळ्यांची. औषधाच्या त्रासापुढे 'नाही' दिसतंय ना, ते खरं नाही. चूक माझी आहे."

"म्हणजे 'हो' समजायचं?"

"तसं नाही... मला माहीत नाही, सिस्टर. एकेकाला विचारा."

मग सिस्टरचा आवाज आला, अगदी बदललेला.

"एक देऊन झालंय. खिडकीजवळच्या आजींना... आत्ताच. अहो, भरती करताना त्यांची सून काहीतरी सांगत होती..."

फोन कुठेतरी आपटला. चपला धावल्याचं ऐकू आलं. कुणीतरी डॉक्टरांना हाक मारली.

"आजी... ओ आजी! बरं वाटतंय ना?... आजी?"

...

विनयने फोन कानाला घट्ट दाबून धरला.

"अहो आजी?"

...

"बाई," तो कुजबुजला, "आजी काही बोलत नाहीयेत. झोप लागली असेल ना? दुपारची वेळ आहे... झोपल्याच असतील."

बाईंनी रिकामा तांब्या पायरीवर ठेवला.

"ऐकत राहा," त्या म्हणाल्या. "त्यांच्या वतीने तू बोलू नकोस."