राहून गेलेला कंस

एका डोंगराळ मुलखात नरहर नावाचा वैद्य राहत होता. तो औषधांच्या पोथ्या लिही आणि भिकोबा नकलनवीस त्यांच्या नकला करून गावोगाव पाठवी. पोटात घ्यायचं औषध काळ्या शाईत, बाहेरून लावायचं तांबड्या शाईत, अशी तिथली रीत होती. त्यासाठी नरहर आपल्या खर्ड्यात खूण करी. कंस उघडला की तांबडी शाई, बंद केला की पुन्हा काळी.

पण लिहिण्याच्या नादात दुसरा कंस कधीकधी राहून जाई; भिकोबा नक्कल करताना तो सांभाळून घेई.

"वैद्यबुवा, आज तर सगळी पोथीच तांबडी करत होतात!" भिकोबा एकदा हसत म्हणाला. "लाकडाचा ठसा करून देतो. एकदा दाबला की दोन्ही कंस एकदम उमटतील. मधल्या जागेत खुशाल लिहा."

नरहरला ते लागलं. "लिहून लिहून केस पांढरे झाले माझे. आता मला पांगुळगाडा देतोस होय?"

भिकोबा पुन्हा नकलेला लागला.

पुढे भिकोबा लेकीकडे गेला. नरहरची पुढची पोथी दुसऱ्या नकलनविसाकडे गेली. त्याने खुणेबरहुकूम नक्कल केली आणि ती डोंगरापलीकडच्या धनगरवाड्यावर पोचली.

काही दिवसांनी तिथला बिरू धापा टाकत आला. "वैद्यबुवा, माझी लेक ठकू तापानं फणफणलीय. पोथीतला काढा रोज अंगाला चोळतोय, पण गुणच नाही!"

"चोळतोयस? अरे, काढा प्यायचा असतो!"

"तांबड्या शाईत लिहिलाय, बुवा. म्हणून थेंबसुद्धा तोंडात जाऊ दिला नाही."

नरहर ताडकन उठला. त्याने खर्डा उघडला. लेपाच्या आधी कंस होता, लेपानंतर नव्हता. खालचा काढाही तांबड्यात गेला होता.

तो तसाच बिरूबरोबर डोंगर चढून गेला. ठकूचे डोळे मिटलेले होते. नरहरने चमच्या-चमच्याने काढा पाजला आणि तिच्या उशाशी बसून राहिला. कितीतरी वेळाने तिला घाम फुटला. तिने पाणी मागितलं, तेव्हा बिरू रडायलाच लागला.

मग त्याने काठी उचलली. "त्या नकलनविसाचं टाळकंच फोडतो!"

नरहरने त्याचा हात धरला. खरं नरहरशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी तो म्हणाला, "त्याने बरोबर लिहिलं, बिरू. चूक माझी आहे. मारायचं तर मला मार."

बिरूच्या हातातली काठी खाली आली.

भिकोबा परत आल्याचं कळताच नरहर त्याच्या दारात गेला. "तो ठसा करून दे मला. आणि आणखीही कर, पोथ्या लिहिणाऱ्या प्रत्येक वैद्यासाठी. कुणी नको म्हणालाच, तर त्याला ठकूची गोष्ट सांग. माझं नाव घेऊन सांग."

तात्पर्य: चूक टाळणारं साधन वापरण्यात कमीपणा नाही; पण आपल्या मोठेपणापायी ते नाकारलं, तर त्याची झळ दुसऱ्याला बसते.