समुद्राच्या आधीचं तळं

“आणि भीती गेलीच नाही तर?”

श्रेणिकनं हे विचारलं तेव्हा दस्तगीर वस्ताद भोपळ्याला दोरी बांधत होते. वाळका भोपळा. पोहायला नव्यानं येणाऱ्या पोरांच्या पाठीला बांधतात, तो. त्यांनी गाठ ओढून बघितली. सैल वाटली म्हणून सोडली. पुन्हा बांधली.

“नाही गेली तर राहील,” ते म्हणाले. “कुठं जाईल बिचारी.”

श्रेणिकला हे आवडलं नाही. तो उत्तर न्यायला आला होता.

पीराचं तळं गावाच्या वरच्या अंगाला. काठावर तक्या आहे, म्हणजे फकिराची राहायची जागा. तिथं वस्ताद एकटे राहायचे. मी दिवसभर त्यांच्या हाताखाली, चहापाणी बघायला. हिरवी लुंगी, पांढरी दाढी, चुलीवर कायम चहाची किटली. गावात ज्याला म्हणून पाणी येतं, त्याला कधीतरी वस्तादांनीच पाण्यात ढकललेलं. श्रेणिक मगदूमलाही. तेव्हा तो शेंबडा होता. आता शहरात त्याला सगळे सर म्हणतात. माणसांना शर्यतीसाठी तयार करतो.

शर्यत म्हणजे साधी नव्हे. आधी समुद्रात पोहायचं, बाहेर आलं की सायकलवर बसायचं, सायकल ठेवली की पळायचं. सगळं एका दिवसात. उजाडताना सुरू केलं तर भल्याभल्यांना दिवस मावळतो. ट्रायथलॉन म्हणतात. नाव जरा जड आहे, पण काम नावापेक्षा जड.

ती शर्यत आता तोंडावर आली होती, आणि श्रेणिक बायकोला घेऊन चार दिवस गावी येऊन राहिला होता.

असं तोंडावर आलं की मेहनत कमी करतात म्हणे. अंगात साठवण व्हावी म्हणून. वर्षभर पहाटे उठून अंग पिळून काढणारा गडी, त्याला ते रिकामपण सोसेना. एक दिवस म्हणाला गुडघा दुखतोय. दुसऱ्या दिवशी म्हणाला घसा धरलाय. वस्तादांनी गुडघा दाबून बघितला, घशात वाकून बघितलं. काही नव्हतं. रिकाम्या घरात उंदीर शिरावेत, तसं त्या रिकाम्या अंगात काय काय शिरत होतं.

“ताईत द्या एखादा,” तो हसत म्हणाला. पण हसण्यात हसू नव्हतं.

“ताईत भिजतो,” वस्ताद म्हणाले. “गेल्या साली काय झालं ते सांग.”

“पायात गोळा आला. सगळ्यांना ठाऊक आहे.”

वस्तादांनी किटलीतनं चहा ओतला. त्याच्यापुढं ठेवला. आपण काठाकडं बघत बसले.

चहावर साय धरली.

मग श्रेणिकनं सांगितलं. पायात गोळा आलाच नव्हता. त्या दिवशी समुद्राला उसळी होती. नाकातोंडात खारं पाणी गेलं आणि श्वास छातीत मावेना झाला. जवळच राखणीची होडी होती. होडीतल्या माणसानं ओरडून विचारलंसुद्धा, ठीक आहे का म्हणून. श्रेणिकनं अंगठा वर करून दाखवला, ठीक आहे म्हणून. त्याच वेळी त्याचे स्वतःचेच शिकाऊ, त्यानंच वाटलेल्या केशरी टोप्या घातलेले, त्याच्या बाजूनं पुढं चालले होते. पुढचं त्याला आठवत नव्हतं. डोळे उघडले ते वाळूत, आणि तोंडावर त्रिशलाचा चेहरा. त्रिशला म्हणजे त्याची बायको.

“होडी धरली असती तर बाद केलं असतं?” वस्तादांनी विचारलं.

“नाही. धरून दम खायला मुभा असते. होडीनं पुढं ओढून नेलं तरच बाद.”

“मग?”

श्रेणिकनं चहाचा पेला दोन्ही हातांत धरला.

“मला वाटत होतं… अजून तसं काही झालेलं नाही. खरंच बुडायला लागलो की करू हात वर.”

“आणि खरंच बुडायला लागलास तेव्हा?”

“तेव्हा हात माझा राहिला नव्हता.”

वस्ताद पुन्हा भोपळ्याची दोरी ओढून बघायला लागले. श्रेणिक वाट बघून बघून उठला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्रिशला एकटीच आली. घरी काय सांगून आली होती कोण जाणे. पदरानं कपाळ पुसत पायरीवर बसली आणि आडवळण न घेता बोलली. सायकल खोक्यात भरून झाली, म्हणाली. खोकं दारातच ठेवलंय. जाता-येता त्याला पाय लागतो. रात्री हे झोपेत हात मारतात. तिनं वर्षभर हा दिवस उगवू नये म्हणून देव पाण्यात ठेवले होते.

“बाबा, तुम्ही नको म्हणा. तुमचं ऐकतील.”

“ऐकेल,” वस्ताद म्हणाले. “पुढल्या साली मला न विचारता जाईल.”

“मग शपथ तरी घ्या त्यांच्याकडनं. दम लागला तर हात वर करीन म्हणून.”

“शपथ कोरड्या जागेवर घेतात, बेटी.”

तिनं चहाला हात लावला नाही. उठली. जाता जाता वळली आणि म्हणाली,

“तुम्हा पाण्यातल्या माणसांचं बरं असतं. काठावर कोण उभं आहे ते तुम्हाला दिसत नाही.”

आवाज चढला नव्हता तिचा. पण वस्तादांची मान खाली गेली. ती वळणाआड होईपर्यंत त्यांनी ती वर केली नाही.

पुढच्या सकाळी श्रेणिक आला तेव्हा वस्ताद पायरीवर उभेच होते. त्याला कमरेइतक्या पाण्यात उतरायला लावलं. त्याला वाटलं, आता काहीतरी शिकवणार. श्वासाचं, लाटेचं, कसलं तरी.

“हात वर कर,” वस्ताद म्हणाले.

“कशाला?”

“कर.”

श्रेणिकनं हात वर केला. म्हणजे डोक्याजवळ नेला आणि केस मागं सारल्यासारखं केलं.

“पुन्हा.”

या खेपेला जरा वर गेला. तळ्यावर तेव्हा धुणं धुणाऱ्या बायका होत्या. त्यातली एक म्हणाली, “काय सर, हजेरी देताय जणू?” दुसरी म्हणाली, “वस्ताद, गैरहजर मांडा त्यास्नी. लई दिवस दांडी मारलीया.” सगळ्या हसल्या. वाईट मनानं नव्हे. पण श्रेणिकचे कान लाल झाले आणि हात पाण्यात गेला.

“पुन्हा,” वस्ताद म्हणाले.

“वस्ताद, हा पोरखेळ आहे.”

“पुन्हा.”

श्रेणिक निथळत बाहेर आला. वस्तादांच्या समोर उभा राहिला. असा उभा, की कपडे आपटणारे हात थांबले.

“तुम्ही केलाय कधी हात वर?” तो म्हणाला. “साऱ्या जन्मात एकदा तरी? या तळ्यात, या सगळ्यांसमोर, मला काढा म्हणून?”

वस्ताद विचारात पडले. टाळायला नव्हे. खरंच मागं मागं जाऊन आठवून बघत होते.

“नाही,” ते म्हणाले.

“मग मला कशाला शिकवता.”

टॉवेल खांद्यावर टाकून तो निघून गेला. पाया पडला नाही. लहानपणापासून असं कधी झालं नव्हतं.

त्यानंतरचा दिवस तो फिरकला नाही. वस्तादांनी त्या दिवशी पोरांनाही पाण्यात घेतलं नाही, घरी लावून दिलं. पायरीवर बसून राहिले. किटली उकळून उकळून काळी झाली. मी उतरवून ठेवली.

संध्याकाळी एकदाच बोलले. मला म्हणाले, की पोरगा खरं बोलला.

मग निघायचा दिवस आला. श्रेणिक मोटार घेऊन आला. मागं सायकलचं खोकं, पिशव्या. त्रिशला शेजारी बसलेली. तिनंच आणला असावा, कारण उतरला तो मनाविरुद्ध उतरला. पाया पडायचं आणि निघायचं, एवढंच.

वस्ताद पाण्यात होते.

रोज सकाळी ते तळ्याच्या मधोमध जो खडक आहे तिथपर्यंत जायचे आणि परत यायचे. वय झालं होतं, पण पाण्यात उतरले की वय काठावर राहायचं. त्यांना पोहताना कुणी बघत नसे. सूर्य वर येतो का, हे बघायला कोण बसतं?

श्रेणिक तक्यात जायला म्हणून पायरीवर बसून बूट काढायला लागला. त्रिशला बाजूला उभी. बायकांचं धुणं चालू. कुणीतरी श्रेणिकला विचारलं, किती वाजता पोहोचणार. तो सांगत होता.

खडकाच्या अलीकडं वस्ताद थांबले.

मला वाटलं, दम खातायत.

मग हात वर आला. सरळ. पंजा उघडा.

“वस्ताद निरोप देतायत बघा सरांना,” धुणं धुणारी म्हणाली. एकीनं ओला हात झाडून उलट हलवलासुद्धा. माझाही हात उठत होता. खोटं कशाला बोलू. वस्तादांना बुडताना बघायची सवय कुणाच्याच डोळ्यांना नव्हती.

हात खाली येईना. आणि हाताखाली डोकं दिसेना.

श्रेणिकनं मान वर करून बघितलं. एक बूट काढलेला, एक पायात. बोलणं अर्ध्यावर तोडून त्यानं तशीच उडी टाकली. खिशात किल्ली, खिशात फोन, अंगावर प्रवासाचे कपडे.

तो कसा गेला ते मला सांगता येत नाही. पाणी फाडत गेला एवढं दिसलं.

एक कपडा कुणाच्या तरी हातातनं सुटला आणि पाण्यावर पसरत चालला. कुणी धरला नाही त्याला.

तो पोहोचला. वस्तादांचा हात त्याच्या खांद्यावर पडला. नुसता हात. मिठी मारली नाही, गळा आवळला नाही. दोघं तिथंच थांबले. काठावरनं दिसत होतं ते एवढंच, दोन डोकी, आणि हलत नाहीत.

थांबले…

थांबले…

त्रिशला एकेक पायरी उतरत पाण्यात गेली होती. गुडघ्यापर्यंत लुगडं भिजलं तरी तिला पत्ता नव्हता. तिच्या हातात श्रेणिकचा बूट होता.

मग ती डोकी सावकाश काठाकडं यायला लागली.

वस्तादांना पायरीवर बसवलं. ओठ निळे पडले होते. एका बाईनं आपलं वाळत घातलेलं लुगडं आणून त्यांच्या अंगाभोवती गुंडाळलं. माणसं जमली. जमतातच. मागनं कुणीतरी हळू बोललं, पण पाण्याकाठी हळू बोललेलं लांब जातं.

“थकले आता वस्ताद.”

“पोरं आता दुसरीकडं धाडायला पाहिजेत,” दुसरा म्हणाला. “जोखीम कोण घेणार.”

वस्तादांनी ते ऐकलं. मी त्यांच्या शेजारीच होतो, त्यांनी ऐकलं हे मला दिसलं. त्यांनी वळून बघितलं नाही. दाढी मुठीत धरून पिळली. पाणी पायरीवर पडलं.

श्रेणिक समोर उकिडवा बसला होता. धापा टाकत. त्याची नजर वस्तादांच्या छातीवरनं हलत नव्हती. ती छाती वरखाली होत होती. पण म्हाताऱ्या माणसाची छाती तशीही होते.

त्यानं मागच्या माणसांकडं बघितलं. पुन्हा वस्तादांकडं बघितलं. त्याला काहीतरी कळत होतं आणि ते कळलेलं त्याला सोसत नव्हतं, असं काहीसं त्याच्या तोंडावर होतं.

“वस्ताद…”

“हं.”

“खरं सांगा. खरंच दम गेला होता… का मला दाखवायला?”

त्रिशला पाण्यातच वळून उभी राहिली. बायका धुणं सोडून बघत होत्या. मागचे बोलणारेही पुढं सरकले, त्यांनाही तेच पाहिजे होतं.

वस्तादांनी अंगावरचं लुगडं नीट केलं. श्रेणिकच्या भिजलेल्या पायातल्या एकुलत्या बुटाकडं थोडा वेळ बघितलं…

“उडी मारताना नाही विचारलंस.”